टीम भरली हो, भाऊ

भाऊ वानखडे गेले, हे मला रॅफल्स प्लेसला ऑफिसखालच्या कॉफीच्या रांगेत कळलं. झोपेतच गेले म्हणे. मी कॉफी घेतली, वर गेलो, मीटिंगही केली... आता महिना होत आला. अशा लेखात गेलेल्याचे गुण सांगायचे असतात. मला ते जमेलसं वाटत नाही, कारण भाऊंचं नाव निघालं की आधी माझीच मला लाज वाटते.

भाऊ अमरावतीचे. तिकडे शाळा-कॉलेजांतून सॉफ्टबॉल जोरात खेळतात, हे आम्हा पुण्याच्या क्रिकेटवाल्यांना सिंगापूरला आल्यावर त्यांच्याकडून कळलं. रविवार सकाळच्या आमच्या हौशी लीगमध्ये चार संघ. एकाचा मी मॅनेजर आणि भाऊ माझा हुकमी एक्का. पन्नाशीला टेकले होते, पण त्यांनी मारलेला चेंडू कुंपणापलीकडे शोधायला जावं लागे. जीभ मात्र तिखट. एकदा बाद दिल्यावर त्यांनी अंपायरची कॉलर धरली. चूक त्यांचीच होती. लीगने उरलेला मोसम त्यांना बाहेर बसवलं, ते त्यांनी निमूट सोसलं, अंपायरच्या घरी जाऊन माफीही मागून आले. शिक्षा तिथे संपायला हवी होती.

गेल्या वर्षी, म्हणजे २००८चा मोसम सुरू होण्याआधी, आम्ही चौघे मॅनेजर तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला बसलो होतो. कुणीतरी विचारलं, "यंदा भाऊ कुणाकडे?" एक जण उसाचा रस आणायला उठला, दुसऱ्याने मैदानाच्या बुकिंगचा विषय काढला, मी नूडल्समध्ये डोकं घातलं. बस्स, एवढंच. ठरलं असं काहीच नाही... आणि तरी भाऊंनी एकेकाला फोन केला तेव्हा चौघांनी एकच वाक्य ऐकवलं, हे मला पुढे कळलं. "टीम भरली हो, भाऊ." माझी भरली नव्हती. ज्याला धड झेलता येत नव्हतं अशा एका अकाउंटंटला मी उभा केला आणि मोसमभर हरत राहिलो. पण डोक्याला ताप नव्हता.

त्याच वर्षी अमेरिकेत बेसबॉलच्या एका बड्या फलंदाजाला कुठलाच संघ घेईना. वय झालेलं, औषधं घेतल्याचा संशय, स्वभाव वाकडा, पण बॅट अजून चालत होती. ऑफिसातल्या अमेरिकन सहकाऱ्याला मी तावातावाने सांगत असे, हा मालकांचा सरळसरळ कट आहे. आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं पाहावं वाकून, दुसरं काय.

ती बातमी भाऊही रोज वाचत. एका संध्याकाळी आम्ही दोघे एमआरटीच्या ट्रेनने सेरंगूनला परतत होतो. ते म्हणाले, "काय रे, तुले काय वाटते? हे मालक लोक आपसात ठरवून बसले असतील काय?"

"छे हो, भाऊ," मी म्हणालो. "ठरवतंय कोण? ज्याची त्याची अडचण असते."

"असन बाप्पा," म्हणाले. मग माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली. त्यांना सगळं ठाऊक होतं की नव्हतं... मला अजून सांगता येत नाही.

दिवसकार्य झाल्यावर भाऊंच्या घरी भेटायला गेलो. मुलीने दार उघडलं. "अंकल, सिट लाह. आई कमिंग." वहिनी पाणी घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांनी यांना खूप आग्रह केला, मले माहीत आहे. सारखे फोन येतात म्हणत. पण गुडघ्यापायी मीच नाही म्हटलं, असं सांगत होते." त्या आभार मानत होत्या.

"हो वहिनी," मी म्हणालो, "खूप आग्रह केला." तेही जमलं मला.

निघताना त्यांनी भाऊंचा ग्लोव्ह माझ्या हातात दिला, टीममधल्या कुणाला तरी द्या म्हणाल्या. घरी येऊन मी तो घालून पाहिला. इथल्या दमट हवेत कपाटातल्या चामड्याला महिन्याभरात बुरशी धरते, आणि हा वर्षभराहून जास्त मैदानावर गेलेला नव्हता. चामडं अगदी मऊ होतं. हात बाहेर काढला तर बोटांना तेल लागलं. गुडघ्यापायी खेळ सोडलाय असं घरी सांगून भाऊ शेवटपर्यंत त्याला तेल लावत होते, आमच्यापैकी कुणाचा तरी फोन येईल म्हणून.