मालूनं म्हटलेलं आमेन

मालू गेली की लोक तिच्याबद्दल फार गोड बोलतील. आमच्या चर्चच्या मंडळीत मेलेल्या माणसाला वाईट म्हणायची पद्धत नाही. ते काम माणूस जिवंत असतानाच उरकून घेतात. म्हणून ती धडधाकट आहे तोवर मी हे लिहून टाकते.

मालू भगवान ओहोळ. माहेर आपट्याचं, अगदी नदीकाठचं. नवरा ख्रिस्ती आणि नाव भगवान. पनवेलच्या टॉवरांत नव्यानं राहायला आलेल्या, मंडळीतल्याच कुटुंबांना याचं भारी हसू येतं. त्यांच्यातल्या एका तरुणानं तिला तोंडावर विचारलं, "ताई, ख्रिस्ती माणसाचं नाव भगवान कसं काय?"

"तुजा नाव काय रं?"

"हितेश."

"त्याचा अर्थ काय? बापाला तरी म्हाईत होता का ठेवताना?"

हा हितेश पुढं येणार आहे, लक्षात ठेवा.

भगवान आमच्या चर्चचा रखवालदार. घंटा वाजवायचा, बाकं पुसायचा. कसलंही व्यसन नसताना चाळिशीत गेला, ते मालूला अजून पटलेलं नाही. "पिऊन मेला असता तर कळला तरी असता," म्हणते. मूलबाळ नाही. तो गेल्यावर वडाळे तलावाच्या मागच्या गल्लीतल्या एका खोलीत ती एकटी राहिली आणि मंडळीतल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं करू लागली. आंघोळ घालायची, भांडं द्यायचं, कूस बदलायची, चादरी धुवायच्या. पैसा घ्यायची नाही. लोक याला प्रेम म्हणत. मला विचाराल तर त्यात प्रेम कमी आणि हुकमत जास्त. निजलेलं माणूस तिला आवडे, कारण ते उलट बोलत नसे. आणि त्या घरच्या सुनांना ती सोलून काढी. कुठल्या घरी म्हाताऱ्याची चादर किती दिवस बदलली नव्हती, हे पुढच्या घरी सांगायची. काम मात्र असं करायची की तिला हाकलणं कुणाला परवडत नसे.

या सगळ्याबद्दल तिनं मंडळीकडून एकच गोष्ट घेतली होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडं प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांना भाकरीचा तुकडा वाटतात. त्याची भाकर मालू करायची. मैदा, मीठ, थोडं तेल. पातळ लाटून तव्यावर नुसती शेकायची, आणि सुरीनं चौकोन आखून ठेवायचे म्हणजे सहज मोडतात. शनिवारी संध्याकाळी ती पीठ मळायला बसली की दारात कुणीही येवो, बोलायची नाही. रविवारी धुतलेलं लुगडं नेसून, ताटावर पांढरं फडकं घालून, मागच्या दारापासून मेजापर्यंत ती ताट घेऊन चालत जायची. सगळी मंडळी उभी राहायची. आता मंडळी उभी राहायची ती भाकरीसाठी, हे पाळकाला माहीत होतं, मला माहीत होतं. मालूला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं. रखवालदाराची बायको म्हणून आयुष्यभर मागच्या बाकावर बसलेली बाई महिन्यातून एकदा मधल्या वाटेनं चालत जायची. तेवढं एक तिचं होतं.

तर हितेश. त्याचे वडील कुमार साळवे, बँकेतून निवृत्त, आमच्या गायनवृंदातला सगळ्यात खालच्या पट्टीचा आवाज. त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. शब्द उरले तीन: पाणी, नको आणि आमेन. आमेन तर ते कशालाही म्हणत. कुकरची शिट्टी झाली, आमेन. दाराची बेल वाजली, आमेन. हितेश आणि त्याची बायको रेवा पनवेलजवळच्या कोन गावात एका टॉवरमधे बाराव्या मजल्यावर राहतात. रेवा घरूनच कंपनीचं काम करते. कानात यंत्र घालून दिवसभर बोलत असते. सासऱ्यांना तिनं हात लावला नाही. तिला उमासे यायचे. खोटं नव्हतं ते. मी तिला सिंकवर वाकलेली पाहिली आहे. पण मग काय करायचं? मालू होती. रोज सकाळी शेअर रिक्षानं कोनला जायची आणि कुमार साळव्यांना आंघोळ घालून, दाढी करून, डाव्या बाजूला भांग पाडून ठेवायची.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, ती माहीत नसेल तर पुढचं कळायचं नाही. जे माणसाच्या तोंडावर बोलायची हिंमत नसते ते आम्ही देवाला सांगतो. डोळे मिटून, शेजारणीला नीट ऐकू जाईल इतक्या आवाजात. उशिरा येणारी बाई दारातून आत शिरली की कुणीतरी लगेच सुरू करतं, "हे प्रभो, आम्हांला वेळेचं भान दे." प्रार्थनेत मधे बोलता येत नाही. शेवटी सगळ्यांबरोबर आमेन मात्र म्हणावं लागतं. मी प्रार्थनेत डोळे मिटत नाही, त्यामुळं मला बरंच दिसतं.

बुधवारची महिलांची प्रार्थना त्या आठवड्यात रेवाकडं होती. आतल्या खोलीचं दार उघडं ठेवलं होतं, म्हणजे पपांनाही आशीर्वाद. मालू नुकतीच त्यांचं सगळं आवरून, हात पदराला पुसत बाहेर आली आणि टीपॉयवरच्या बशीतली एक खोबऱ्याची वडी तिनं उचलली. मग दुसरी उचलून रेवापुढं धरली.

"नको, मालूताई. माझं झालंय."

"कवा झाला? आत्ताच तर बशी मांडलीस." मालू बायकांकडं वळली. "नाकाला ओढनी लावून दारात उभी राहाते ही. सासऱ्याचा वास येतो तिला. तुला बी म्हातारपन येईल गं, ते काय सेंट मारून येनार नाय."

बायका हसल्या. बायका अशा वेळी हसतातच. रेवाचे कान लाल झाले. प्रार्थनेत तिची पाळी आली तेव्हा तिनं हात जोडले.

"हे दयाळू पित्या, आमच्या मालूताईंसाठी तुझे उपकार मानते. त्यांचे हात किती थकलेत ते तू पाहतोस. रोज आजारात, घाणीत ते हात असतात. आणि तुझं मेज पवित्र आहे, प्रभो. त्या मेजाचं ओझं तू आता त्यांच्या हातांवरून काढून घे. त्यांना विश्रांती दे. तुझ्या मंडळीत सगळं स्वच्छ आणि शोभेल असं होऊ दे. येशूच्या नावानं मागते."

"आमेन," सगळ्या म्हणाल्या. सगळ्यांत मोठ्यानं मालू म्हणाली. आपलं नाव आलं, उपकार मानले, हात थकले म्हटलं. ती डोळे मिटून खुशीत डोलत होती. आतून कुमार साळवेही ओरडले, "आमेन!" डोळे उघडताच रेवानं पाळकाच्या बायकोकडं, अनुयाकडं, पाहिलं. अनुयानं होकारार्थी मान हलवली.

पहिल्या रविवारी मालू ताट घेऊन मागच्या दारात आली तेव्हा मेज आधीच मांडलेलं होतं. विकत आणलेल्या पांढऱ्या चकत्या, नाण्याएवढ्या, पाकिटातून काढून चांदीच्या रंगाच्या थाळीत रचलेल्या. पाळक निनाद, वय तिशीचं, केस जेल लावून बसवलेले, व्यासपीठावरून म्हणाला, "आज आपल्या मालूताईंचा सत्कार आहे. इतकी वर्षं त्यांनी मेजाची सेवा केली. आता त्यांनी प्रार्थनेतून विश्रांती स्वीकारली आहे."

"मी? कदी?" मालू दारातूनच म्हणाली.

"बुधवारी, ताई. तुम्ही आमेन म्हणालात ना. सगळ्या भगिनी साक्षी आहेत."

कुणी हसलं नाही. निनाद खरंच बोलत होता. त्याच्या मते देवाकडं मागितलं, मंडळीनं मान्य केलं, विषय संपला. शाल पांघरायला तिचे हात मोकळे हवेत म्हणून हितेशनं ताट काढून घेतलं. "द्या ताई, जड असेल." आणि ते त्यानं चपलांच्या रॅकवर ठेवलं. मालूला शाल मिळाली, आणि लाकडी पाटावर बसवलेले प्लॅस्टिकचे दोन जोडलेले हात. टाळ्या झाल्या. मालूनं मान लववली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. मी तिला ओळखते. मला तेव्हाच भीती वाटली.

सोमवारी ती कोनला गेली नाही. दुपारी हितेशचा फोन आला, तेव्हा मी तिच्या खोलीवरच होते.

"ताई, आज आला नाहीत? पपा वाट बघतायत."

"हातांना ईसावा हाय."

"म्हणजे?"

"तुमच्याच घरात मागितला होता. देवानं दिला," म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

त्यांनी नर्सिंग ब्युरोची बाई ठेवली. कुमार साळवे अंगानं मोठे. तिला उचलवेनात, ती गेली. दुसरी आली ती मोबाइल बघत बसायची, कूस बदलायची नाही. रेवा दारात ओढणी लावून उभी. पाठीला जखमा झाल्या. मी बघायला गेले तर खोलीत उभं राहवेना. दाढी वाढलेली, डोळे दाराकडं लागलेले. पावलं वाजली की म्हणायचे, "पाणी." पाणी पाजलं की, "नको." मालू आली असेल म्हणून पुन्हा दाराकडं बघायचे.

तिथून मी तडक मालूकडं गेले. ती तांदूळ निवडत होती.

"मालू, म्हाताऱ्याच्या पाठीत भोकं पडलीत. रेवाशी भांड, पाळकाशी भांड. त्यानं काय केलंय तुझं?"

"त्यानं बी आमेन म्हटला."

"अगं, तो कुकरच्या शिट्टीला आमेन म्हणतो!"

"मी बी तसाच म्हटला होता, बाई. माजा कोनी सोडून दिला का?"

 त्या माणसाला तीन शब्द उरले होते आणि त्यातला एक हिनं गुन्हा म्हणून त्याच्या नावावर लिहिला. चुकून नव्हे, समजून. मी तिला म्हटलं, तू दुष्ट आहेस. ती म्हणाली, "हाय. आता तरी बघा माज्याकडं सगले." आणि तांदळातला खडा काढून दारातून बाहेर फेकला.

आठवड्याभरानं निनाद आणि हितेश तिच्या दारात येऊन उभे राहिले. मला तिनं मुद्दाम बोलावून बसवलं होतं. दोघांना चहा दिला, कप स्वच्छ विसळून, त्यांच्या डोळ्यांदेखत दोनदा विसळून.

"ताई, पपा झोपत नाहीत," हितेश म्हणाला. "ओरडतात. रेवा रडते."

"भाकर माजी परत द्या. मंग येते."

"हे पंचांसमोर ठेवावं लागेल," निनाद म्हणाला.

"काडून घेताना कुठं ठेवलात? देवासमोर ना? मंग आता बी तिथंच ठेवा."

पण निनादनं पंचांसमोरच ठेवलं. पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघणारी नोकरीवाली माणसं. कुणी टूरवर, कुणाची शिफ्ट. बैठक जमायला पुढचा शनिवार उजाडला. चकत्या टाळूला चिकटतात अशी तक्रार होतीच, तेव्हा जुनी पद्धत पुन्हा सुरू करावी असं ठरलं. ठरावात रेवाचं नाव नव्हतं, मालूचंही नव्हतं. संध्याकाळी निनाद स्वतः सांगायला आला. "आता तरी चला, ताई. गाडी आणलीय."

"सोमवारी येते."

"आजच चला ना."

"शनवार हाय. सोमवारी येते म्हटला ना." पहिला रविवार अजून लांब होता, पीठ मळायचं नव्हतं; नुसता हट्ट.

कुमार साळवे रविवारी दुपारी गेले.

मालू बोलल्याप्रमाणं सोमवारी गेली. खांद्यावर पंचा, हातात साबणाची डबी. बाराव्या मजल्यावर पोचली तर आंघोळ झालेली होती, सूट घातलेला होता, पेटी आलेली होती. ब्युरोची बाई मेलेल्याला हात लावायला तयार नव्हती, हितेशला घेरी आली. शेवटी रेवानं दार लावून घेतलं आणि एकटीनं सगळं केलं. जखमा धुतल्या, कापूस लावला. बाहेर आली तेव्हा ओढणी कमरेला बांधलेली होती. मालू पेटीपाशी गेली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "भांग उलटा पाडलाय." डबीतून कंगवा काढून तिनं तो डावीकडं पाडला. डोळ्यांत पाणी? नव्हतं. मी नीट बघत होते.

पुढच्या पहिल्या रविवारी मालू धुतलेलं लुगडं नेसून, ताटावर फडकं घालून मधल्या वाटेनं चालत गेली. मंडळी उभी राहिली. रेवा पांढऱ्या साडीत पहिल्या बाकावर होती. ताट तिच्यापर्यंत आलं. मालू मेजाच्या बाजूला उभी राहून तिच्याकडंच बघत होती. रेवानं तुकडा उचलला, तोंडात घातला, चावला आणि गिळला. उमासा आला नाही. सासऱ्याच्या पाठीनंतर तिला आता कशाचाच येत नसावा.

उपासना संपल्यावर मालू मागच्या खोलीत ताट आवरत होती. ताटात चार तुकडे उरले होते. रेवा आत आली. म्हणाली, "मालूताई, पपांना शेवटची आंघोळ मीच घातली."

"ऐकला."

"द्या, मी आवरते. तुम्ही बसा." आणि तिनं ताटाला हात घातला.

मालूनं ताट आपल्याकडं ओढून घेतलं.

"हात धुतलेस का?" तिनं विचारलं.

रेवा तिच्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. तिच्या जागी मी असते तर ताट भिंतीवर मारलं असतं.  रेवा कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली, नळ सोडला आणि साबण लावून हात धुऊ लागली. धुतच राहिली. मालूनं तेवढ्यात ताट पुसलं, फडक्यात बांधलं आणि निघून गेली.