कापलेलं वाक्य

"मालकांच्या ग्लासाला हात लावू नका, भाऊ. तुमचा कप खिडकीत हाय."

तुंगार्लीच्या बंगल्यात, पाहुण्यांसमोर, मावशींनी माझ्या हातातला ग्लास काढून घेतला. पाणी ओतून दिलं. ग्लास दोनदा घासला. एक पाहुणा हसला.

मी त्या बंगल्याचा केअरटेकर. अकरा वर्षं. मावशी स्वयंपाकाला, मळवलीच्या शेतकरी घरातल्या. मी बौद्ध. कान तुटलेला माझा कप बाहेरच्या खिडकीत, फिनेलच्या बाटलीशेजारी असायचा.

दुसऱ्या दिवशी मोबाइलचा कॅमेरा चालू करून तो शर्टाच्या खिशात अर्धा बाहेर ठेवला आणि मुद्दाम तोच ग्लास उचलला. मावशी तेच बोलल्या. वर म्हणाल्या, "मालकीणबाईंनी सांगितलंय. मला तरी कुटं बरं वाटतं?"

व्हिडिओ टाकला. हे शेवटचं वाक्य कापून. मालकीणबाईंचं नाव आलं तर नोकरी जाईल, म्हणून. मावशींची मला भीती नव्हती. त्यांचा चेहरा ठेवला.

तीन दिवसांत तो सगळीकडे पोचला. लोकांनी मावशींना घातलेल्या शिव्या मी वाचल्या. आधी सुखानं वाचल्या. मग कुणीतरी त्यांच्या सुनेचा फोटो टाकला. त्याखाली जे लिहिलं होतं, ते मी बायकोला दाखवू शकलो नाही.

मालकीणबाईंनी मावशींना कामावरून काढलं. मला दिवाणखान्यात बोलावलं. खुर्ची दिली. सोनेरी काठाच्या कपात चहा दिला. मोबाइल समोर धरून म्हणाल्या, "जरा हसा ना. आपल्याकडे असलं काही चालत नाही, लोकांना कळू दे."

अकरा वर्षांत त्या घरातल्या कपातला पहिला चहा. मी तो तसाच खाली ठेवला.

"नियम तुमचा होता, बाई."

उठलो. चाव्या टेबलावर ठेवल्या.

मळवलीला गेलो. मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. वर बघितलं नाही.

"खोटं काय न्हवतं त्यात. पर अर्धंच दावलंत."

मी माफी मागितली. त्या तांदूळ निवडत राहिल्या. ग्लास घासल्याची माफी त्यांनी मागितली नाही.

व्हिडिओ मी काढून टाकलाय. लोकांच्या फोनमध्ये तो फिरतोच आहे. त्यावर माझं काही चालत नाही. अख्खा मात्र फक्त माझ्याकडे आहे. उद्या तो आणि कान तुटलेला कप घेऊन पोलीस ठाण्यात जाणार. तक्रारीत मालकीणबाईंचं नाव आधी. मग मावशींचं. मी काय कापलं, का कापलं, तेही लिहीन.

खाली सही माझी.