रिकामेमामांचे चार रेचे

माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ माझ्या ताब्यात नाहीत. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढे कापसाच्या जिनात कामाला लागले. ही वही माझ्यापुरतीच आहे, तरी चुकांची माफी आधीच मागून ठेवते.

जिनातल्या आमच्या फिटरला सगळे रिकामेमामा म्हणत. त्यांना कोणतीच गोष्ट काठोकाठ भरलेली सोसत नसे. चहाचा कप अर्धा, माठ गळ्याच्या खाली, सायकलीत हवासुद्धा बेताची. भरलेलं एकच होतं, त्यांचं पोट. त्यावरून कोणी छेडलं तर म्हणत, "ते माह्या खात्यात येत नाही, मामीच्या खात्यात येते."

अकोल्याच्या त्या जिनात एका इंजिनावर चाळीस रेचे होते. रेच्यात कापूस घातला की सरकी खाली पडते आणि रुई वेगळी होते. छताखाली एक लांब लोखंडी दांडा फिरे आणि त्यावरून प्रत्येक रेच्याला पट्टा येई. पट्टा उतरवला की रेचा बंद. किती रेचे चालवायचे ते मामा ठरवत. आदल्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर बसून गाडीवाल्यांच्या गप्पा ऐकायच्या, कोणत्या गावची वेचणी उरकली, उद्या कोणाच्या गाड्या येणार. सकाळी फाटकाशी उभं राहून गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात खुपसायचा. कापूस ओला लागला की मामांचं तोंड वाकडं, कारण ओला कापूस इंजिनाला जड जातो. पण कोरडा असो की ओला, चार रेच्यांचे पट्टे रोज उतरवलेलेच असत.

शेटजींना ते चार रेचे डोळ्यांत खुपत. "मामा, हे काय पूजेले मांडले का? नारळ फोडू?"

"फोडा ना. पण पट्टा नका चढवू. इंजिनाले दम घ्याले जागा लागते."

शेवटी शेटजींनी युक्ती काढली. रिकाम्या रेच्यांचं नुकसान मामांच्या पगारातून कापायला लागले. मामांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चार पट्टे उतरवले. घरात पोरीचं लग्न ठरलेलं. मामी डबा घेऊन आल्या तेव्हा साऱ्या बायांदेखत कडाडल्या, "रिकामं बसवाचं तं मले बसवा! लोखंडाले काहून पोसून राहिले तुमी?"

ते कशाला पोसत होते, हे मला लवकरच कळलं. माझ्या रेच्याचा चामड्याचा रूळ झिजून गेला आणि मुकादम म्हणाला, "घरी जाय, आज तुले रोजी नाही." मला चारचौघांत तोंड उघडता येत नाही. मी लुगडं झटकून निघाले. मामांनी हाक मारली, "ओ मुक्या बाई, कुठी चालली?" रिकाम्या रेच्यावर पट्टा चढवून त्यांनी मला तिथे बसवलं.

मग एका बाजाराच्या दिवशी शेजारच्या जिनाचं इंजिन बिघडलं आणि तिकडच्या साऱ्या गाड्या आमच्या फाटकाशी आल्या. शेजाऱ्याच्या दुःखानं शेटजींना इतका आनंद मी कधी झालेला पाहिला नव्हता. "चढवा सारे पट्टे!" मामांनी तीन चढवले. चौथ्याला नाही म्हणाले, कापूस ओला होता. ते पाणी प्यायला गेले तेवढ्यात शेटजींनी इंजिनाला तेल घालणाऱ्या गड्याकडून चौथाही चढवून घेतला. इंजिन कण्हलं, दोन धापा टाकल्या आणि गप्प झालं. चाळीसच्या चाळीस रेचे उभे. मला माझ्या बांगड्या ऐकू आल्या. मग बाहेरून गाडीवाल्यांच्या शिव्या.

मामा आले आणि तंबाखू मळत ओट्यावर बसले. "शेटजी, आता चाळीसही रिकामे हायेत. कापा कोनाचे कापता ते."

"मामा, चालू करा. तुमचे सारे पैसे परत देतो."

मामांनी फाटकातल्या गाडीवाल्यांना आत बोलावलं, शेटजींना तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि मग इंजिनाला हात घातला. चार पट्टे अर्थातच खाली.

शब्द फुकट असतो, तो शेटजींनी सढळ हातानं दिला होता. पगार झाला, त्यात जुने पैसे नव्हते. मामा आमच्यापाशी येऊन म्हणाले, "बायांनो, आता पाचवा पट्टा उतरवतो. पैसे येतपर्यंत रोज एक. पण जिचा उतरवीन तिची रोजी जाईन. तुमीच सांगा."

मीच बोलले. माझाच आवाज मला परका वाटला.

"माहा उतरवा, मामा."

त्यांनी उतरवला. दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारणीनं तिचा उतरवायला लावला, तिसऱ्या दिवशी तिच्या नणंदेनं. फाटकाशी गाड्या तुंबल्या, आणि पट्ट्याला हात लावायची शेटजींची आता छाती नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी पैशांची पिशवी आणून ओट्यावर आपटली. राग असा, की सगळी एकेका नव्या पैशाची चिल्लर. मामी मांडी घालून मोजायला बसल्या. पहिल्यांदा कमी भरले तेव्हा त्यांनी शेटजींकडे नुसतं पाहिलं, शेटजी आत जाऊन उरलेले घेऊन आले. मामींनी ते पदरात घेतले, पुन्हा पहिल्यापासून मोजले आणि म्हणाल्या, "हो. आता पुरे झाले."