रस्त्यावर वाळत घातलेले भात

हमीभाव हा शब्द मी फार पुढे एका पुणेरी वर्तमानपत्रात वाचला. आमच्या तंजावुरी मराठीत तो नव्हताच. भाताला सरकार जो दर देई त्याला आम्ही तमिळ शब्द जोडून ‘सरकारी विलै’ म्हणत असू. पण त्यात हमी किती, हे मला पापनाशमजवळच्या सरकारी खरेदी केंद्रात आधीच कळले होते.

नव्वदीच्या दशकातली ती आश्विनातली सकाळ. कुरुवैचे, म्हणजे पहिल्या हंगामाच्या भाताचे, पीक नुकतेच निघालेले, पूर्वेचे आभाळ काळवंडत आलेले. नवरा परगावी नोकरीला, म्हणून शेत माझ्याकडे. मी दाणा दाताखाली धरला, कटकन तुटला. वाळलेला दाणा असाच बोलतो. कारकुनाच्या यंत्राचे मत वेगळे पडले.

“ओलावा जास्त आहे, अम्मा. वाळवून आणा.”

फाटकाशी व्यापारी उभाच होता. “मला द्या, अक्का. मला ओले चालते. देश खुला झाला, आणि तुम्ही अजून सरकारच्या दारात?”

त्याचा दर बराच खाली होता. पावसाच्या धास्तीने शेजाऱ्यांनी आदल्या दिवशी त्यालाच भात विकले होते. तेच आता त्याच्या लॉरीतून पूर्ण दराने याच केंद्रात जाणार होते. विलै सर्वांसाठी होती. थांबण्याची ऐपत मात्र थोड्यांची.

मी पोत्यांची तोंडे सोडली आणि केंद्राकडे जाणाऱ्या एकुलत्या डांबरी रस्त्यावर सगळे भात पसरले. अनवाणी पायांनी त्यात चर ओढत फिरू लागले. डांबराची ऊब दाण्यांतून तळव्यांत चढत होती, तुसाला गोडसर वास सुटला होता. व्यापाऱ्याची लॉरी समोर येऊन थांबली.

“अक्का, रस्ता सरकारचा आहे!”

“भातही सरकारलाच देते आहे. घाई असेल तर पोती डोक्यावर घेऊन जा.”

चहाच्या टपरीवर हशा पिकला.

उन्हे कलता कारकून यंत्र घेऊन बाहेर आला. मूठभर दाणे घातले. आकडा मर्यादेत आला.

“ठीक आहे. पण वजन उद्या, अम्मा. आता हे उचला, लॉरी खोळंबली आहे.”

“मग रस्ताही उद्याच मोकळा होईल,” म्हणत मी पुढचा चर ओढला.

त्याने आभाळाकडे पाहिले, लॉरीकडे पाहिले आणि हमालांना हाक मारली. माझे भात त्याच संध्याकाळी पूर्ण दराने मोजले गेले.

बाईमाणसाने रस्ता अडवला, असे गाव वर्षभर बोलत राहिले. पुढच्या कुरुवैला मात्र त्या रस्त्यावर चार घरांचे भात वाळत होते.