शून्याचा पुकारा

वजनकाट्याच्या हुकाला रिकामी जाळी अडकवायची, ती झुलायची थांबेपर्यंत वाट पाहायची आणि मग पलीकडच्या काठालाही ऐकू जाईल अशा आवाजात पुकारायचं, "नाईक, शून्य!" आमच्या फिशिंग क्लबचे सेक्रेटरी हे काम सोनाराच्या गांभीर्याने करायचे.

"अहो, जाळी रिकामी दिसतेय की सगळ्यांना," नाईक कुरकुरायचे. "तोलता कशाला?"

"शून्य म्हणजे माणूस आला होता," सेक्रेटरी म्हणायचे. "जो आलाच नाही, त्याला शून्यसुद्धा मिळत नाही."

क्लब म्हणजे दुबईतली आम्ही नोकरदार मराठी मंडळी. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी खाडीच्या काठावर मॅच. चिठ्ठ्या टाकून जागा ठरायच्या, सेक्रेटरी "यल्ला!" म्हणाले की गळ पाण्यात, आणि तीन तासांनी "खलास!" म्हणाले की बाहेर. मासा एकाच जातीचा धरायचा, शाम. इंग्रजीत ज्याला ब्रीम म्हणतात तो, पिवळ्या परांचा. तो जाळीत घालून पाण्यातच जिवंत ठेवायचा, शेवटी तोलायचा आणि परत सोडून द्यायचा. नाईक मालवणचे. मासा सोडताना त्यांचा चेहरा मुलीची पाठवणी करणाऱ्या बापासारखा व्हायचा. "घरी बायको विचारते, मासे कुठायत? काय सांगू, वजन करून आलो?"

सेक्रेटरी स्वतः शाकाहारी. मूळचे सांगलीचे. लहानपणी कृष्णेच्या घाटावर गळ टाकून बसलेली माणसं ते तासन्‌तास बघत उभे राहायचे, पण घरच्या धाकामुळे गळाला हात लावायची सोय नव्हती. ती हौस त्यांनी पन्नाशीत, परमुलखात भागवली. आम्ही कोळंबी लावायचो, ते कणकेच्या गोळ्या. मासे त्यांनाच जास्त लागायचे, हा नाईकांचा कायमचा सल होता.

एकदा एक नवा मेंबर काहीच मिळालं नाही म्हणून मुकाट्याने गाडीकडे निघाला, तर हे वजनकाटा घेऊन पार्किंगपर्यंत त्याच्यामागे धावले. गाडीच्या दारात उभं करून त्याचं शून्य पुकारलं. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. त्याचा राग येतो, आणि तो नसला की काहीतरी सुरूच झालं नाही असं वाटतं.

नियमही सगळे त्यांचेच. त्यातला मुख्य म्हणजे, सहा गळ पाण्यात असल्याशिवाय मॅच धरायची नाही. एका रमझानात नाईक आणि आणखी एक जण, असे दोघेच आले होते आणि नाईकांनी स्वतःला चॅम्पियन जाहीर केलं होतं. त्यानंतरचा हा नियम. तेव्हा आम्ही वीस-बावीस जण होतो, त्यामुळे सहाचा आकडा कुणी मनावर घेतला नाही.

मग २००८ ची दिवाळी झाली, मंदी आली आणि माणसं जायला लागली. कुणाचा प्रोजेक्ट बंद, कुणाची अख्खी कंपनीच. दर महिन्याला जागांच्या चिठ्ठ्या कमी होत गेल्या. पुढच्या वर्षी एका शुक्रवारी मोजलं तर पाचच: सेक्रेटरी, नाईक, दोघे कामत बंधू आणि मी. नाईक म्हणाले, "चला, खलास. घरी जाऊन झोपू."

सेक्रेटरी गाडीकडे गेले आणि आत बसलेल्या त्यांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, घेऊन आले. वहिनी कट्टर शाकाहारी, कांदासुद्धा चातुर्मासात बंद. पाचच जण जमतील असा अंदाज बांधूनच त्यांनी बहुधा त्यांना आणलं होतं. खुर्ची मांडली, हातात रॉड दिला. वहिनींनी नुसता गळ पाण्यात सोडला.

"आमिष नाही! ऑब्जेक्शन!" नाईक ओरडले.

"गळ पाण्यात हवा," सेक्रेटरी म्हणाले. "आमिषाचं नियमात काही नाही."

तेव्हापासून आम्ही सहा. शेवटी वहिनींचं शून्य पुकारलं जायचं आणि त्या गंभीरपणे म्हणायच्या, "आभारी आहे."

सेक्रेटरींची स्वतःची नोकरी गेली हेही त्यांनी असंच, सगळ्यांची वजनं पुकारून झाल्यावर सांगितलं. "पुढच्या मॅचला आम्ही दोघं नाही. सांगलीला चाललोय."

 नाईक म्हणाले, "हबीबी, मग नियम चारचा करा ना."

"आज चार, उद्या दोन, परवा तुम्ही चॅम्पियन. भेटा, चहा प्या. पण त्याला मॅच म्हणू नका." एवढं बोलून त्यांनी वजनकाटा माझ्या हातात दिला. मला त्यांचा मनस्वी राग आला. जाताना क्लबही मोडून चालला आहे हा माणूस, असं वाटलं.

पुढच्या पहिल्या शुक्रवारी सवयीने आम्ही चौघं खाडीवर गेलो. रॉड गाडीतच राहिले. थर्मासमधला चहा ओतत नाईक म्हणाले, "आता मॅच नाही, तर मिळेल तो मासा मी घरी नेणार." पण उठले नाहीत. इतक्यात माझा फोन वाजला.

"किती जण आहात?"

"चार."

"आम्ही दोघं घाटावर बसलोय. गळ पाण्यात आहेत. चार तिकडे, दोन इकडे. यल्ला!"

नाईक चहा टाकून गाडीकडे पळाले.

तीन तासांनी परत फोन आला, "खलास!" मी काटा काढला. नाईकांना दोन शाम लागले होते. धाकट्या कामतांना एक, थोरल्यांना आणि मला शून्य. मासे पाण्यात सोडले आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"आमचं राहिलं," सेक्रेटरी म्हणाले.

"काय लागलं?"

"काय लागणार? आमिषच नाही लावलं. घाटावर सगळी ओळखीची माणसं. शाळेतले मास्तर मघापासून बघत उभे आहेत." मग आवाज जरा खाली आला. "पण आलो होतो."

मी फोन स्पीकरवर टाकून नाईकांकडे दिला. रिकामी जाळी हुकाला अडकवली, झुलायची थांबेपर्यंत थांबलो, सेक्रेटरींचं नाव घेतलं आणि होता नव्हता तेवढा आवाज लावून म्हणालो, "शून्य!"

पलीकडून लगेच त्यांचा आवाज आला.

"हां. आता हिचं पुकारा."