पीळ पडू न देणारा माणूस

माझे बाबा कारखान्यात धाग्यांचे जुडगे खोक्यात भरतात. केसाहून बारीक असे हजारो पांढरे धागे एकत्र येऊन त्यांचा मऊ पट्टा होतो आणि छातीएवढ्या उंच खोक्यात तो घडीवर घडी बसत जातो. पुढे दुसऱ्या कारखान्यातल्या भट्टीत भाजून त्याचा काळा कार्बन धागा होतो. पट्ट्याला पीळ पडला, तर भट्टीत नेमका तिथेच तो जळतो. म्हणून बाबा खोक्याशेजारी उभे राहून घड्या तळहाताने सपाट करतात. धागा अडकू नये म्हणून बोटात अंगठी नाही, मनगटावर घड्याळ नाही, नखं दर दोन दिवसांनी कापलेली. लग्नातली अंगठी त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात आईच्या हवाली केली होती. आई अजून त्यावरून टोमणे मारते.

यंदा आजारपणात आईचा उजवा हात लुळा पडला. केस मात्र कमरेपर्यंत. एका हाताने वेणी घालता येईना, केस गुंतायला लागले. मी आठवड्यातून एकदा माहेरी जाते, आणि माझं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "कापून टाक ना. सुटशील."

आईने डाव्या हाताने केस पुढे घेतले. मग म्हणाली, "काप. यांच्यामागे आणखी एक काम नको."

त्या केसांवर तिचा किती जीव, मला ठाऊक होतं. तरी रविवारी कात्री घेऊन येते, असं सांगून मी मोकळी झाले. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय. बाबांनी हूं की चूं केलं नाही.

रविवारी गेले, तर आई आरशासमोर खुर्चीत आणि बाबा मागे उभे. केसांत एक गुंता उरला नव्हता. बाबा गाठ ओढत नाहीत. खालच्या टोकापासून सैल करत करत वर येतात, कामावर करतात तसं. पण वेणी काही जमेना. तीन पेडांची वेणी घालायची म्हणजे पीळ आलाच, आणि तो या माणसाने तीस वर्षं कुठे पडू दिलेला नाही. शेवटी त्यांनी केस चापूनचोपून सपाट केले, घडीवर घडी घालून डोक्यामागे बसवले आणि वर चिमटा लावला. एक बट मात्र कानावरून लोंबत ठेवली.

"अहो, ही कशाला सोडलीत?" आईने विचारलं.

"पहिलं टोक बाहेर ठेवायचं असतं," बाबा म्हणाले. "नाहीतर पुढच्या खोक्याचं टोक जोडणार कशाला?"

आई हसली. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच अशी हसली, की चिमटा निसटून सगळ्या घड्या पाठीवर आल्या. मग तिने डाव्या हाताने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "बास झाला खेळ. रोज कुठे एवढा वेळ असणार यांना? काप गं."

मी कात्री उचलली. बाबांनी केस दोन्ही हातांत धरले होते, ते सोडेनात.

"बाबा, सोडा ना."

"कापू नको," ते म्हणाले. "तिच्यासाठी नाही म्हणत. मला हवेत ते."

बाबांनी कधी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. जेवताना मीठसुद्धा मागत नाहीत. मला स्वतःचाच राग आला.

आई आरशातून त्यांच्याकडे बघत राहिली.

"मग आठवडाभर तोंड का शिवलं होतं?" ती म्हणाली आणि डोकं मागे त्यांच्या पोटाशी टेकवलं. "घाला पुन्हा. मला कुठे जायचंय?"