बिनविरोध गावातला कंडक्टर

"चला, सगळे बसले," असं एसटीत कुणी ओरडलं, की तो घंटीच्या दोरीवरचा हात खाली घ्यायचा. "समदे म्हंजी कोण कोण?" असं म्हणत पुन्हा दारात जाऊन उभा राहायचा.

मुखेड-लातूर गाडीवरच त्याची सगळी नोकरी सरली. तो माझ्याच गावचा, बौद्ध गल्लीतला. मी त्याच गाडीने शाळेवर शिकवायला जायचो. एकदा चाकूरच्या स्टँडवर एक म्हातारी केळी घ्यायला उतरली. ड्रायव्हर कावला, आम्हीही कावलो. हा खाली उतरून तिला हाताला धरून घेऊन आला, तर तिने त्यालाच दम भरला, "घाई कशाची रं मुडद्या?" सगळी गाडी हसली. त्याने हसत हसत तिला स्वतःच्या सीटवर बसवलं.

निवृत्तीनंतर त्याने ग्रामपंचायतीला अर्ज भरला. आमचं गाव 'बिनविरोध' म्हणून तालुक्यात मिरवणारं. या शब्दाचा अर्थ तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्याकडे तो घडवतात कसा, ते सांगतो. अर्ज मागे घ्यायच्या दिवशी गावकरी उमेदवाराच्या दारात जाऊन बसतात. ज्याचा शब्द त्याला मोडवत नाही, असा माणूस पुढे घालतात.

त्या वेळी तो माणूस मी होतो. आणि कंडक्टरच्या विरोधातला उमेदवार माझा सख्खा पुतण्या.

आम्ही गेलो तेव्हा कंडक्टर दारात बाजेवर बसला होता. "जय भीम गुरुजी," म्हणून उठला, मला बाज दिली.

"समद्या गावाचं ठरलंय, कंडक्टर," पुढारी म्हणाले.

"समदे म्हंजी कोण कोण? आमच्या गल्लीत तर कुणी इचाराय आलं न्हाई."

"उगं भांडणं कशाला गावात?"

"म्या कुठं भांडून राहिलो? निसता उभा राहिलो."

"पडतूस की!"

"पडीन. लई झालं तर काय हुईल? पर लोकायला बटन तर दाबू द्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "कंडक्टर, गावाची एकी राहू दे. माझ्या शब्दाखातर."

"गुरुजी, तुमचं बी असंच हाय?"

"हाव," मी म्हणालो.

तो आत गेला, सदरा घालून आला आणि पुढाऱ्यांच्या जीपमध्ये बसला.

त्याने 'मोठ्या मनाने' अर्ज मागे घेतला, अशी बातमी पेपरात आली. ती मीच लिहून दिली होती. गाव आजही तसंच सांगतं. ते खोटं आहे. त्याला लढायचं होतं. त्याला आम्ही लढू दिलं नाही.

पुढे तो लातूरला लेकीकडे राहायला गेला. भेटला की जय भीम घालायचा, पण माझ्याजवळ बसला मात्र नाही. मागच्या वर्षी तिकडेच वारला.

या निवडणुकीला पुतण्याचा एकच अर्ज आला. कुणाच्याच दारात जावं लागलं नाही. मतदानाच्या दिवशी शेजारच्या गावात रांगा लागल्या होत्या. मला घरात बसवेना. इस्त्रीचा सदरा घालून, ओळखपत्र खिशात टाकून गावातल्या शाळेपर्यंत गेलो. फाटकाला कुलूप होतं.